पंढरीशेठचा चोविसावा रास्ता रोको

करावे गावात पंढरी तांडेलला निवडणुकीचं तिकीट कधी कुणी दिलं नाही, पण रस्ता अडवायचा ठरला की पहिला निरोप त्याच्याच घरी जायचा. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने तेवीस रास्ता रोको केले होते. पाण्याच्या लाइनसाठी चार, गतिरोधकासाठी तीन, तोच गतिरोधक फार उंच झाला म्हणून एक, बसथांब्यासाठी दोन. बाकीच्यांची कारणं आता त्याला आठवत नव्हती, तारखा मात्र तोंडपाठ होत्या. बापाची भातखाचरं शहराखाली गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर चार मजले चढले, भाडेकरू आले, आणि सकाळचा चहा झाल्यावर पंढरीला करण्यासारखं काही उरलं नाही. रिकाम्या माणसाला एखादा नाद लागतोच. कुणी भजनाला बसतो, कुणी क्रिकेटच्या टीमा पोसतो. पंढरी रस्त्यावर बसायला लागला, आणि लोक त्याला पंढरीशेठ म्हणायला लागले.

या नादाची झळ लागली ती त्याच्या बायकोला. पुतळाला एकदा खंडाळ्याचा घाट बघायचा होता. घाटातून ती दोनदा गेली होती, पण दोन्ही वेळा लग्नाच्या वऱ्हाडात, ताडपत्री बांधलेल्या टेम्पोत बसून. तिला दिसली ती फक्त पुढच्या बाईची वेणी. नंतर गाडी आली, मुलगा केतन चालवायला शिकला, पण जायचं ठरलं की कुठलं ना कुठलं आंदोलन आडवं यायचं. शेवटी यंदा तुळशीच्या लग्नानंतरच्या एका रविवारी तिने सूनबाईला, रंजिताला, हाताशी धरलं, पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सुकट परतली, आणि पंढरीचा मोबाइल बंद करून डब्यांच्या पिशवीत तळाशी ठेवला.

"आज तुमाला कोनाचा फोन येनार नाय," ती म्हणाली.

"येऊ दे नायतर नको येऊ दे. आज मी तुझा," पंढरी म्हणाला, आणि पुढच्या सीटवर ऐटीत बसला.

साडेसहाला निघालेली गाडी सीएनजीच्या रांगेत पाऊण तास उभी राहिली. तरी कुणाचा विरस झाला नाही. खारघर मागे पडलं, कामोठे गेलं, आणि कळंबोलीचं सर्कल दोन किलोमीटरवर असताना पुढची गाडी थांबली. मग तिच्या पुढची. मग बाजूच्या ट्रेलरने मोठा सुस्कारा सोडून इंजिन बंद केलं.

"किती दाखवतंय?" पंढरीने विचारलं.

"बावीस मिनिटं," केतन मोबाइलकडे बघत म्हणाला.

पाव तासाने पंढरीने पुन्हा विचारलं.

"बावीस."

"मघाशी पन बावीसच होती ना?"

"ती वेगळी होती, बाबा."

ट्रेलरवर लोखंडी पत्र्याची वेटोळी होती. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, गाडीखाली चादर अंथरली आणि आडवा झाला. ते बघून पंढरी समजला की हे लांबणार. ड्रायव्हर लोकांना रस्त्याची नाडी कळते. तेवढ्यात पुढून पायी परत येणाऱ्या एका दूधवाल्याने काचेत डोकं घालून बातमी दिली. सर्कलच्या अलीकडे बिल्डिंगवाले रस्त्यावर बसले होते. रास्ता रोको.

आठ वर्षांची नात जाई मागून पुढे वाकली.

"आजोबा, हे पण तुम्हीच केलंय का?"

"नाय गं बाय. ह्यो दुसऱ्या कोनाचा हाय."

पंढरीने आजवर रास्ता रोको पाहिला होता तो पुढून. पुढून तो फार देखणा दिसतो. गाड्यांची रांग जितकी लांब, तितकं आंदोलन यशस्वी. नजर पोचत नाही तिथपर्यंत टपांवर ऊन चमकत असतं. त्या टपांखाली काय चालतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता बघायला भरपूर वेळ होता. शेजारच्या गाडीत एक बाई मुलाला थोपटून थोपटून स्वतःच पेंगत होती. एक सुटाबुटातला इसम आडोसा शोधत तीनदा ट्रेलरमागे गेला आणि चादरीवरच्या ड्रायव्हरला बघून तीनदा परत आला. मागची बस वऱ्हाडाची होती, आणि नवरदेव खिडकीतून फोनवर कुणाला तरी "मुहूर्त धरून ठेवा" असं सांगत होता.

"यांचं नियोजन नाय," पंढरी तोंड वाकडं करून म्हणाला. "अर्ध्या तासात सोडायला पायजे. जास्ती तानला का लोक शिव्या देतान."

"तुमचा बसथांब्याचा साडेचार तास चाललेला," पुतळा मागून म्हणाली.

"त्यो मोठा होता. मंत्र्यापर्यंत गेला."

"माझी आय हॉस्पिटलात होती तवा. मी रिक्षात अडकून बसलेली. साडेचार तास."

पंढरीने मान वळवली. सासूबाई त्याच आठवड्यात गेल्या होत्या, हे त्याला आठवलं.

"मंग कधी सांगितलं नाय ते?"

"तुमी सत्कार घ्यायला गेलेले."

पुतळाचा आवाज नेहमीचाच होता. भाजीत मीठ कमी आहे हे ती त्याच आवाजात सांगायची. पंढरीने सीटबेल्ट काढला.

"जरा बघून येतंव," तो दार उघडत म्हणाला.

"बघूनच या," पुतळा म्हणाली.

तो गाड्यांच्या फटींतून वाट काढत दोन किलोमीटर चालत गेला. वाटेत तीन-चार जणांनी आंदोलकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला त्याने ऐकला, आणि प्रत्येक वेळी जुन्या सवयीने त्याचे कान तापले.

पुढचा देखावा बघून मात्र तो थक्क झाला. रस्त्याच्या मधोमध सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीत मांडलेल्या. साठेक माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या पिवळ्या टोप्या. थर्मास फिरत होते, उपम्याच्या कागदी वाट्या वाटल्या जात होत्या. एक तरुण मोबाइलवर वाचून घोषणा देत होता आणि वाचताना अडखळला की सॉरी म्हणत होता. बाजूला एक कोवळा फौजदार दोन हवालदारांसह घामाघूम उभा होता.

"लीडर कोन हाय?" पंढरीने विचारलं.

"आमच्यात लीडर नसतो, समिती आहे," साठीच्या एका बाईंनी उत्तर दिलं. चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी. निवृत्त मुख्याध्यापिका असाव्यात हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "मी सेक्रेटरी, जयमाला. आपण?"

"मी जानकार हाय. निवेदन कोन घेनार तुमचा?"

"साहेब येतील ना."

"रविवारी?"

समितीत कुजबुज झाली. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून रविवार एकमताने ठरला होता. साहेबांनाही तीच सुट्टी असते, हा मुद्दा तीन मीटिंगांत कुणी मांडला नव्हता.

"आम्ही मेल केला होता," जयमालाबाई म्हणाल्या.

"उत्तर आला?"

"लगेच आलं. रजेवर आहे, मंगळवारी उत्तर देतो म्हणून. पण आम्ही लेखी आश्वासनाशिवाय उठणार नाही."

"मंग मंगळवारपर्यंत बसाल," पंढरीने एक रिकामी खुर्ची ओढली. खरं तर तो बघून परत जाणार होता. पण चांगल्या सुताराला वाकडी चौकट बघवत नाही, तसं त्याचं झालं. "मॅडम, रस्ता आडवायला अक्कल लागत नाय, सोडायला लागते. बसायच्या आदी कवा उठायचा ता ठरवायला लागतं. फौजदाराबरोबर आदल्या दिवशी चाय प्यायची, टाइम ठरवायचा. निवेदन द्यायचा, फोटो काढायचा, पोलिसांच्या गाडीत बसायचा, जेवायला घरी. तुमी उपमा खाताव हितं, मागं लोकांची पोरं रडतान."

शेवटचं वाक्य आपण कसं बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

जयमालाबाईंनी निवेदन पुढे केलं. पंढरीचा वाचायचा चष्मा गाडीत राहिला होता, पण तेवीस आंदोलनांत त्याला चष्म्याची गरज पडली नव्हती. त्याने कागद उन्हात धरला, पानं मोजली, सह्या मोजल्या, शिक्का आहे ना ते बघितलं.

"झ्याक हाय," तो म्हणाला, आणि फौजदाराला हाक मारली. "साहेब, निवेदन मिळाला म्हनून आवक मारून घ्या. 'वरिष्ठांकडे पाठवतो' असं लिवा, म्हंजे लेखी आश्वासन झाला."

फौजदाराच्या तोंडावर पहिल्यांदा रंग आला. त्याने बोनेटवर कागद ठेवून सही ठोकली. "पण काका, कुणाला तरी ताब्यात घेतल्याशिवाय मला वर रिपोर्ट देता येणार नाही. पाच नावं द्या. चौकीत समज देऊन तासाभरात सोडतो."

समितीतल्या एकाला मुलीकडे अमेरिकेला जायचं होतं, व्हिसा अडला असता. दुसऱ्याचं बँकेतलं प्रमोशन महिन्यावर आलं होतं. तिसऱ्याला गॅसवर कुकर ठेवून आल्याचं आठवलं आणि तो धावतच सुटला. घोषणा देणारा तरुण मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. पाहता पाहता पिवळ्या टोप्या खिशात गेल्या आणि साठ आंदोलकांचे साठ वाटसरू झाले.

पंढरीला ते असह्य झालं. एवढा दोन तास रस्ता अडवायचा आणि नाव द्यायला कुणी नाही, असं त्याच्या हयातीत झालं नव्हतं.

"लिवा," तो फौजदाराला म्हणाला. "पंढरी गोमा तांडेल, राहनार करावे."

बोलून गेल्यावर त्याला घाट आठवला, पुतळा आठवली, आणि भाकऱ्याही आठवल्या. पण नाव लिहून झालं होतं. परक्या माणसाने पहिलं नाव दिलेलं बघून जयमालाबाईंनीही पदर खोचला आणि आपलं नाव सांगितलं. पाचाऐवजी दोन मिळाले तरी फौजदाराने आभार मानले. कुणीतरी फोटो काढला. खुर्च्या उचलल्या गेल्या आणि रस्ता वाहायला लागला.

पोलिसांची गाडी वळणावर गर्दीत थांबली असताना केतनची गाडी शेजारून गेली. जाळीतून पंढरीने हात हलवला. जाईने ओरडून दाखवलं, केतनने ब्रेक दाबला. पुतळाने काचेतून नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या शेजारच्या बाईंकडे बघितलं, जाळीकडे बघितलं. ती केतनला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण गाडीने वेग घेतला आणि पुलावर चढून गेली.

"ओळखीचे होते का?" जयमालाबाईंनी विचारलं.

"घरचे हाईत," पंढरी म्हणाला. थोड्या वेळाने, बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "तुमची मागनी काय होती, मॅडम?"

"तुम्ही निवेदन वाचलंत ना?"

"सह्या बघितल्या."

जयमालाबाईंनी चष्मा सारखा केला. "दर रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्या बाहेरच्या गाड्या आमच्या गेटसमोर तुंबतात. दोन-दोन तास रस्ता बंद. आम्हाला दूध आणायला बाहेर पडता येत नाही. म्हणून रविवारी सकाळी सहलीच्या गाड्यांना या रस्त्यावर बंदी घाला, ही आमची मागणी."

पंढरीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. चाकं तीन-चारदा खड्ड्यात आदळली.

"मागनी बरोबर हाय," तो शेवटी म्हणाला.

चौकीत चहा मिळाला. फौजदाराने समज दिली ती दोघांनी उभं राहून ऐकली. बाईंना दुसऱ्याकडून समज घेण्याची सवय नव्हती, त्यांनी मध्ये दोनदा त्याचं व्याकरण सुधारलं. मग पंढरीने त्यांच्या फोनवरून केतनला फोन लावला. उचलला पुतळाने.

"सोडला?"

"सोडला. तुमी कुठं हाव?"

"घाटात. गाडी लावून उभी हाय. समोर नागफनीचा सुळका दिसतंय. खाली रेल्वे जातंय, जाईच्या खेळन्यातली वाटतंय." तिच्या मागे वारा भणभणत होता. इतकं सलग ती बरेच दिवसांनी बोलली होती.

"मी रिक्षा करून येऊ का?"

"नको. घरी जा. फ्रीजमधी कालवन हाय, भात तेवढा लावा."

पंढरी जरा घुटमळला. "पुतळे, त्या टायमाला तू रिक्षात होती ता मला खरंच म्हायती नव्हतं."

ती म्हणाली, "भात दोन वाट्याच लावा, आमी खाऊन येतंव," आणि फोन बंद झाला.

भात त्याने पहिल्यांदाच लावला. तळाला लागला, पण खाल्ला.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात फोटो आला. खाली छापलं होतं: 'कळंबोलीकरांचा एल्गार, ज्येष्ठ रहिवासी पंढरी तांडेल ताब्यात.' गावातल्या पोरांनी अभिनंदनाचा बॅनर छापायचं ठरवलं, आणि पंढरीने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नको म्हणून सांगितलं. पोरांना तो आजारी असावा असं वाटलं. निवेदन वरिष्ठांकडे गेलं, त्यांनी ते त्यांच्या वरिष्ठांकडे पाठवलं. जयमालाबाईंनी पुढच्या आंदोलनासाठी सल्लागार व्हा म्हणून दोनदा फोन केला. दोन्ही वेळा पंढरी घरी असून पुतळाने तो खाडीवर गेलाय म्हणून सांगितलं, आणि पंढरी शेजारी बसून ते ऐकत राहिला.

महिन्याभराने पालीच्या गणपतीला जायचं ठरलं. या वेळी पुतळाने जागा वाटून दिल्या. पुढे रंजिता, मागे एका दाराशी ती स्वतः, दुसऱ्या दाराशी जाई, आणि मध्ये, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन, पंढरी. वडखळच्या अलीकडे एक टँकर आडवा झाला होता. दीड तास गाडी जागची हलली नाही. पुढून भांडणाचे आवाज येत होते, कुणीतरी शिट्ट्या मारत होतं, माणसं उतरून बघायला जात होती.

"आजोबा, बघायला जायचं?" जाईने विचारलं.

"झोपू दे त्यांना," पुतळा म्हणाली. पंढरीची मान तिच्या खांद्यावर कलली होती. झोप खरी होती का, हे तिने तपासलं नाही.