उभी गाडी, पळती जमीन

नागावच्या घरी बसून मी वेगवान रेल्वेगाड्यांवर वारा सोडते. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "सून रेल्वेत हाय." मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. काम असं: पुलावरून भरधाव जाणाऱ्या गाडीला बाजूचा जोरदार वारा किती रेटतो, कलंडवायला किती बघतो, हे कॉम्प्युटरवर काढायचं. गाडीभोवतीच्या हवेचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येकात हवा कुठे, किती वेगाने जाते याचं गणित यंत्रांकडून करून घ्यायचं. यंत्रं पुण्याच्या ऑफिसात, मी नारळाच्या वाडीकडच्या मागच्या खोलीत.

ही सोय साहेबांनी अट घालून दिली होती. माझं गणित प्रयोगशाळेत छोट्या नमुना-गाडीवर वारा सोडून केलेल्या चाचणीशी जुळलं तर नागावहून काम चालू, नाहीतर परत पुणं. नवरा, नारळ आणि पर्यटक पाहुण्यांच्या खोल्या इथे, मी तिकडे भाड्याच्या खोलीत, असं बरीच वर्षं काढलं होतं. पुन्हा काढायचं नव्हतं.

गणित जुळेना. वाऱ्याच्या आडोशाला, जिथे डब्यामागे भोवरे उठतात, तिथले तुकडे मी आणखी बारीक केले. यंत्रं तापली, उत्तर ढिम्म. कलंडवणारा जोर चाचणीहून वेगळाच यायचा.

तेवढ्यात नणंदेकडे बोर्ली पंचतनला बारसं निघालं. आगरदांड्याला आम्ही गाडी फेरीबोटीवर चढवली आणि मी नि सासूबाई दिघीपर्यंत कठड्याशी उभ्या राहिलो.

"काय गो, बोट लागते काय तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाय. वाऱ्याचं गणित जुळत नाही."

"मग इथे एवढा वारा हाय, ने की पिशवीत भरून."

मी पुण्याच्या सहकाऱ्याला फोन लावला. चाचणी त्याने उभं राहून करून घेतली होती. मी काय काय धरलंय ते एकेक सांगत गेले: गाडी उभी, वारा तिरका, जमीन मागे पळती...

"थांबा मॅडम. जमीन पळती?"

"मग? गाडीत बसलेल्याला तशीच दिसते ना?" समोर दिघीचा किनारा आमच्याकडे सरकत होताच. कॉम्प्युटरवर गाडी पळवण्याऐवजी आम्ही तिला उभी ठेवतो आणि वारा, रूळ, जमीन सगळं तिच्याजवळून उलटं पळवतो.

"खऱ्या गाडीचं बरोबर आहे हो. पण आमची गाडी हातभर लांब, बोल्टने आवळलेली. खालची जमीनही जागच्या जागी. डब्याखालची हवा वेगळीच वागणार."

"रिपोर्टात का नाही लिहिलंत?"

"त्यात लिहायचं काय? जमीन कधी पळते का?"

मला हसू फुटलं. त्याला जमीन स्थिर असणं इतकं उघड होतं की लिहावंसं वाटलं नाही, आणि मला पळणं इतकं उघड की विचारावंसं वाटलं नाही.

"कोण पळालं?" सासूबाई.

"जमीन."

"बरं, ती येईल परत. तू गाडीत बस, जेटी आली."

बारशाला मी पोटभर जेवले. घरी येऊन जमिनीचा वेग शून्य केला, बाकी कशाला हात लावला नाही. यंत्रं पुन्हा चालली आणि आलेखावर माझी रेघ चाचणीच्या रेघेवर जाऊन बसली. खऱ्या पुलाच्या गणितात जमीन अर्थात पळतीच ठेवली.

साहेबांचा फोन आला. "जुळलं. राहा तिकडेच. पुढचा पूल पाठवतो."

सासूबाई पडवीत खोबरं किसत होत्या. त्यांना सांगितलं.

"म्हणजे आता कायमची इथेच?"

"इथेच."

"बेस झालं. मग आजपासून पाहुण्यांचे फोन तू घे. हिंदी बोलून बोलून माझं तोंड दुखलं."

पहिलाच फोन ठाण्याहून. जेवणात सुरमई मिळेल का? मिळेल, आधी सांगावं लागेल, असं म्हणून मी ठेवला आणि खोलीत गेले. नव्या पुलाची चित्रं आली होती. याचा कठडा चांगला उंच दिसत होता; वारा आधी त्यालाच धडकणार.