कैचीचा पूल

शहागंजातल्या बद्रीनाथ सुताराला कशाचंच काही वाटत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि गल्लीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पटाशीनं अंगठा कापला तेव्हा त्यानं आधी पलंगाचा खूर पुरा केला, मग चिंधी शोधली. लेकीच्या पाठवणीला बायका धाय मोकलून रडत होत्या आणि हा बाबा मांडवाचा खांब हलतोय का ते बघत होता. लाकडात राहून लाकूड झाला, म्हणायचे लोक. त्याचंही त्याला काही वाटायचं नाही.

मनमाडकडची छोटी लाईन उखडून मोठी झाली, त्यानंतरच्या हिवाळ्यात अनंतराव त्याच्या दुकानाची पायरी चढले. ते रेल्वेतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. निजामाच्या वेळची ती छोटी लाईन त्यांनी गच्चीवरच्या खोलीत मांडायला घेतली होती. स्टेशनं, सिग्नल, ओढेनाले, सगळं इवलं इवलं. संक्रांतीला लोकांना बघायला बोलवायचा बेत होता.

"एक पूल राहिलाय," जुना नकाशा पसरत ते म्हणाले. "सत्तावन सालच्या पुरात गर्डर वाहून गेला, तेव्हा लाकडी कैचीचा तात्पुरता पूल घालायला घेतला होता. तुमचे थोरले बंधू मिस्त्री होते ना त्यावर?"

"व्हय."

"मग तुमच्याशिवाय कोण करणार?"

चौकशीच्या रिपोर्टाची नक्कल त्यांच्यापाशी होती. त्यावरून पुलाशेजारी ठेवायची पाटीही त्यांनी तयार केली होती, ती वाचून दाखवली: 'मिस्त्री कडूबा याच्या चुकीमुळे उभारताना कोसळला. मिस्त्री जागीच ठार.' बद्रीनाथनं ऐकून घेतलं आणि सागाच्या पातळ पट्ट्या लागतील म्हणाला.

कैची म्हणजे वर एक तुळई, खाली एक तुळई, मधे लोखंडाच्या उभ्या सळया आणि लाकडाचे तिरपे टेकू. टेकूंची डोकी पुलाच्या मध्याकडे झुकलेली हवीत, म्हणजे वजन आलं की टेकू दाबले जातात, आणि दाबलेलं लाकूड सहसा दगा देत नाही. तीच कैची उलटी उभी केली की टेकू ओढले जातात आणि सांधे सुटतात. सळयांच्या जागी बद्रीनाथनं सायकलचे स्पोक कापून घातले. महिनाभर तो जेवण विसरून बसला होता असं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं काही नाही. वेळेवर जेवत होता, वेळेवर झोपत होता.

सत्तावन साली ओढ्याकाठी खरी कैची जमिनीवर आडवी जोडून ठेवली होती. आडवी कैची बघून वर कोण, खाली कोण हे गड्यांना उमगत नाही, म्हणून वरच्या तुळईला कडूबानं गेरूची खूण केली होती. ती पावसानं धुऊन गेली. सकाळी उभारायच्या आधी पूजा. नारळ फोडायचा आणि जी तुळई वर जायची तिला हळदकुंकू लावायचं, अशी त्यांच्यातली रीत. कडूबा पलीकडच्या काठावर दोर बांधत होता, म्हणून कुंकवाचं काम बावीस वर्षांच्या बद्रीनाथकडे आलं. चिखल फार होता. जी तुळई जवळ होती तिला त्यानं कुंकू लावलं आणि मोकळा झाला.

गड्यांनी कुंकू बघितलं आणि ती बाजू वर करून दोर ओढले. कुंकवावर शंका कोण घेणार? चार जण फळ्या घेऊन वर चढलेसुद्धा. "उतरा रे, उलटी हाय!" ओरडत कडूबा खालून धावला, तेवढ्यात सांधे सुटले. वरचे चौघे पाण्यात पडून वाचले आणि कडूबा लाकडांखाली गेला. उलटी कुणी उभी केली, असं चौकशीच्या साहेबानं विचारलं तेव्हा गडी म्हणाले, मिस्त्रीचं काम. बद्रीनाथ काही बोलला नाही, आणि तेव्हापासून बोललाच नव्हता.

पूल तयार झाला. अनंतरावांनी त्यावर वीट ठेवून बघितली, कुरकुरलासुद्धा नाही. ते खुशीत येऊन काही बोलणार, तोच बद्रीनाथ डिंक मागावा तशा आवाजात म्हणाला, "साहेब, पाटीवरचं दादाचं नाव काढा. कुंकू मी लावलं हुतं." मग त्यानं सगळं सांगितलं.

अनंतरावांनी चष्मा काढून पुसला. "रिपोर्टात नाही ते मला लिहिता येणार नाही, बद्रीनाथ. पण नाव गाळतो." त्यांनी नवी पाटी लिहिली: 'उभारताना कोसळला. एक ठार.' बद्रीनाथ सुटला होता. त्याला त्याचंही काही वाटलं नाही.

संक्रांतीला दगडाबाई आली. ही कडूबाची बायको, तेव्हापासून दिराच्याच घरात राहिलेली. स्वतःच्या चुकीनं मेलेल्या मिस्त्रीची बायको म्हणून नातेवाइकांचे टोमणे खाऊन ती म्हातारी झाली होती. तिला वाचता येत नव्हतं.

"भावजी, काय लिवलंय?"

"काही नाही, पुराचं आहे," अनंतराव घाईनं म्हणाले.

बद्रीनाथनं पाटी उचलून डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यावर नव्हतं ते वाचलं. "कैची उलटी उभी राहिली ती बद्रीनाथच्या चुकीनं. कडूबा मिस्त्रीची चूक नाय."

दगडाबाई पुलाकडे बघत राहिली. "खरं हाय हे?"

"खरं हाय, वैनी."

"सदतीस वरसं मी त्यायला शिव्या देत आले, भावजी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सोताच्या हातानं जीव घालवला अन् मला वाऱ्यावर सोडलं म्हणून. पितरांच्या पंधरवड्यात त्यांचा घास तुमीच टाकायचे. मी एकदाबी नाय टाकला."

ती त्याला बोल लावील, असं बद्रीनाथनं धरलं होतं. ते त्याला सोसलं असतं. तो टेबलाच्या पायाशी खाली बसला आणि भर लोकांत मोठ्यानं रडायला लागला. दगडाबाई उभीच होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.