डोहाळ्यांची माती

वाटूरच्या पुष्पाबाईंना कुठल्याही गोष्टीचं मूळ सापडल्याशिवाय चैन पडत नसे. कुणाच्या घरी दही लागलं नाही तरी का लागलं नाही, हे विचारायला त्या जायच्या. मग घरची शेळी गाभडल्यावर त्या गप्प कशा बसतील? जनावरांच्या डॉक्टरांचा त्यांनी पिच्छाच पुरवला.

"शेळी तर ठणठणीत हाय. मंग पोटातल्या करडालाच काय झालं?"

"मांजरीच्या घाणीतून एक जंतू चाऱ्यात जातो, बाई. बहुतेक तोच असंल. आईला फारसं काही करत न्हाई. पण रक्तातून वारेत शिरतो अन्‌ वारेतून पिल्लात."

पुष्पाबाईंना भारी नवल वाटलं. वार म्हणजे पोटातल्या जिवाची राखण, असंच त्या आजवर समजत होत्या. "बाईमाणसात बी असंच?"

"बराबर असंच. मातीतून बी जातो."

माती म्हणताच त्या तटकन उठल्या. सून दैवशाला गरोदर होती आणि तिला मातीचे डोहाळे लागले होते. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराचे कान फुटतात, म्हणून पुष्पाबाई स्वतःच गोठ्याच्या कोपऱ्यातली मऊ माती चाळून तिला देत होत्या. घरची मांजर बसायची ती त्याच कोपऱ्यात. त्या मांजरीला लळा लावला होता दैवशालानेच. 'मांजरांच्या घरची' म्हणून पुष्पाबाई सुनेला लग्नापासून टोमणे मारत आल्या होत्या.

जालन्याला नेऊन सुनेचं रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी मांजरीला शिव्या घातल्या आणि स्वतःला त्याहून जास्त.

"जंतू येऊन गेलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुष्पाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "पण फार पूर्वी. आता शरीर त्याला ओळखतं, बाळापर्यंत सहसा जाऊ देत नाही. काळजी नको. माती मात्र आजपासून बंद."

एवढ्या घाबरलेल्या, तरी पुष्पाबाईंना राहवेना. "पूर्वी म्हंजी कुठून आल्ता?"

"लहानपणी मातीतून, मांजरांमुळे आला असेल. आता पहिल्यांदाच आला असता तर बाळाला धोका होता."

दैवशाला ओशाळली. "माहेरी लई मांजरं व्हती, आत्याबाई. आम्ही त्यांच्यातच खेळायचो."

परतीच्या बसमध्ये पुष्पाबाईंनी सुनेला खिडकीशी बसवलं. मग म्हणाल्या, "तुझ्या मायला फोन लाव."

पलीकडून विहीणबाई घाबऱ्याघुबऱ्या विचारू लागल्या, "पोरगी बरी हाय ना?"

"बिलकुल बरी हाय," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमची मांजरं बरी हायेत ना, ईनबाई?"