मांडीवर बॅटरी, रस्ता परतवाड्याचा

आत्याची सुशी मुंबईच्या रेडिओवर गाणार, हे कळलं आणि मी तेल्हाऱ्यात अक्षरशः उडालोच! आत्या राहते परतवाड्याला, आपल्या संत्र्याच्या बागेत. बाग सोडून ती कुठे जात नाही, त्यामुळे लग्न होऊन मुंबईला गेलेल्या लेकीचा आवाज तिनं ऐकलेलाच नव्हता. आमच्या गल्लीत रेडिओ फक्त माझ्याकडे. सेट गोधडीत गुंडाळला, बॅटरी मांडीवर घेतली आणि मोटारीत बसलो. क्लीनरनं रेडिओचंही तिकीट फाडलं!

अकोटपर्यंत रस्ता बरा आहे; पुढे तोंडाला फडकं बांधा. अंजनगावला मोटार थांबते तेव्हा पान खायला विसरू नका, पानमळे तिथलेच. बॅटरीतलं तेजाब उडून धोतराला भोकं पडली, पण मी खुशीत होतो.

बागेत पोचताच संत्र्याच्या झाडावर एरियलची तार ताणली, तशी माणसं जमली. "भाऊ, कापसाचा भाव लाव ना!" वऱ्हाडी माणूस दुसरं काय मागणार? मराठीत भाव झाले, मग तेच गुजरातीतही ऐकले. दिवेलागणीला बॅटरीनं मान टाकली. गाण्याला थोडाच वेळ उरला होता. आत्या बंद सेटसमोरून हलेना.

मोटार अड्ड्यावर धावलो. "रहीमभाई, इंजन चालवून बॅटरी भरून द्या!"

"उभ्या गाडीत तेल जाळू? काहून?"

सगळं सांगितलं. ड्रायव्हर रहीमभाईंनी विडी फेकली आणि मोटार थेट बागेच्या फाटकाशी आणली. तारा जोडल्या. इंजन धडधडलं, बैल बुजले, आणि मी आनंदानं नाचायचा बाकी! गाण्याच्या वेळेला त्यांनी इंजन बंद केलं, कारण त्याच्या खरखरीत काही ऐकू येईना.

सुशी गायली. वाहवा, काय गायली! सगळे डोलले. आत्याच्या कपाळावर मात्र आठी.

"पोरीले सर्दी झाली हाये."

"आत्या, किती गोड गायली!"

"तुले काय समजते? मी माय आहो तिची."

सकाळी पाहतो तर तिनं सुंठ आणि अडुळसा फडक्यात बांधलेला. बाग शेजाऱ्यावर सोपवून निघालीच! परतवाड्याला लागूनच असलेल्या एलिचपूरहून छोट्या आगगाडीनं मूर्तिजापूर गाठा; गाडी सावकाश चालते, शिदोरी सोबत ठेवा. तिथून मी अकोल्यामार्गे परतलो.

गाणं कसं झालं, म्हणून तेल्हाऱ्यात सगळे विचारतात. खरं सांगतो, चालसुद्धा आठवत नाही. आत्याला घरबसल्या लेक ऐकवायची म्हणून एवढा रेडिओ नेला, आणि तिला मुंबईच्या गाडीत बसवून आलो.