माझं ‘नको’ आणि बोटींचं वर्कशॉप

नको म्हणायची माझी खोड पुण्यातली. कुणाकडे लाडू पुढे आला की आधी नको, मग परत नको, आणि तिसऱ्या आग्रहाला दोन उचलायचे. लग्न होऊन इंग्लंडला आले तरी मेली सुटली नाही. साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या बंदरात आम्ही राहायचो. शेजारचे गोरे वेल्डर, वयानं माझ्या काकांएवढे, त्यांनी ही खोड बरोब्बर ओळखली होती. बागेतल्या शेंगा घेऊन यायचे, मी नको म्हटलं की हसायचे. “आता दुसऱ्यांदा विचारतो हं!”

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं शिपयार्ड बंद पडलं आणि ते घरी बसले. मी तेव्हा गावच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरीला होते. समुद्रापलीकडच्या एका फ्रेंच बंदराचं दुखणंही आमच्यासारखंच, म्हणून दोन्ही गावांनी मिळून बोटदुरुस्तीचं ट्रेनिंग वर्कशॉप काढायचं ठरवलं. युरोपच्या ग्रँटमध्ये एकच बसत होतं, इकडे नाहीतर तिकडे. आमच्याकडे झालं असतं तर शिकवायची नोकरी शेजाऱ्यांनाच मिळायची होती. त्यांनी धडेसुद्धा वहीत लिहायला घेतले होते.

जागा ठरवायच्या मीटिंगला माझे साहेब फ्लूनं आडवे. फेरीबोटीनं मी एकटीच गेले. जेवणाच्या टेबलावर तिकडच्या अध्यक्षबाई मोठ्या मनानं म्हणाल्या, “वर्कशॉप तुमच्याकडेच करू या का?”

आणि मी शहाणी म्हणते काय, “छे छे, असं कसं? तुमच्याकडेच होऊ द्या.”

बाईंनी थँक्यू म्हटलं आणि लिहून घेतलं. मी आपली आग्रहाची वाट बघत बसले. चीज आलं, कॉफी आली, आग्रह काही आला नाही. अहो, तेव्हा तरी तोंड उघडायचं! माझं चुकलं, आम्हाला हवंय, एवढंच तर म्हणायचं होतं. पण हावरट दिसेन म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

परत येऊन साहेबांना सांगितलं, ते लोक हट्टालाच पेटले होते. शेजाऱ्यांनाही तेच सांगितलं. “तू भांडलीस ना आमच्यासाठी, मग झालं,” ते म्हणाले.

पुढे ते सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये ट्रॉल्या गोळा करायला लागले. मी दिसले की चांगल्या चाकांची एक शोधून माझ्यापुढे आणायचे. मी दुसऱ्या दुकानात जायला लागले. तिकडे वर्कशॉपच्या आजूबाजूला नवे धंदे उभे राहिले, हे रिपोर्टात मीच टाइप केलं.

चार-पाच वर्षांनी एकदा कुंपणापाशी मला राहवेना. नको म्हटल्याचं, गप्प बसल्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. त्यांच्या हातात शेंगांची पिशवी होती. ती त्यांनी पुढे केली.

“घेतेस?”

“नको, नको,” मी सवयीनं म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन आत गेले.