आपल्याच विहिरीचं कुलूप

इंदूबाईच्या हातांना विडीच्या तंबाखूचा वास कायमचा चिकटलेला आणि जिभेला तिखटपणा. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, इंदूबाईशी भांडायचं असेल तर आधी जेवून घ्यावं, कारण ते भांडण लवकर उरकत नाही. उत्तर नागपुरात रेल्वेच्या रुळांपलीकडे बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती आणि कवेलूंची छपरं असलेली ती वस्ती. नवरा नत्थू गिरणीत कामाला. छप्पन साली दोघं दीक्षेला गेली तेव्हा इंदूबाईच्या अंगावर शेजारणीकडून मागून आणलेलं पांढरं लुगडं होतं. परत करताना तिनं ते तीनदा धुतलं, एवढी ती मानी.

तिचं माहेर भिवापूरकडचं. गावच्या विहिरीपासून दूर उभी राहून, कोणी वरून ओतेल तेव्हा घागर भरणारी आई तिनं लहानपणी रोज पाहिली होती. म्हणून वस्तीनं आपली विहीर खोदायचं ठरवलं तेव्हा ती माती वाहायला उभी राहिली, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात सातव्या महिन्यातही हटली नाही. बाप्ये गिरणीतली पाळी संपवून खोदायचे, बाया टोपल्या उचलायच्या. खडक लागला, हात फुटले, दोन उन्हाळे गेले. शेवटी पाणी लागलं तेव्हा खाली नत्थूच होता. तो खालून नुसता ओरडत सुटला. वर आलेलं पहिलं पाणी गढूळ होतं, तरी सगळ्यांनी ते ओंजळीनं प्यायलं. त्या वर्षी जन्मलेल्या मुलीचं नाव शामला ठेवलं. ती विहिरीची जुळी बहीण आहे, असं इंदूबाई सांगायची.

अशा विहिरीला कोणी कुलूप लावलं असतं तर इंदूबाईनं त्याचा हात मोडला असता. पण झालं असं की कुलूप लावा म्हणणारी तीच होती.

सत्तरच्या आसपासचा उन्हाळा. पाणी तळाला गेलेलं. शेजारच्या ढाब्यावरचे लोक पहाटेच पिंपं भरून न्यायचे आणि वस्तीतल्या बाया एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. विहारात बैठक बसली. तोवर वस्तीत पाच जणांच्या संमतीनं काम चालायचं आणि पाचांची पाच मतं व्हायची. चहा थंड व्हायचा, निर्णय व्हायचा नाही. इंदूबाईला त्याचा वीट आला होता. ती उठली आणि म्हणाली, "पाच तोंडं कशाले पायजेत गा? विहिरीवर जाळी टाका, कुलूप लावा अन् किल्ली भैय्याजीजवळ द्या. एका माणसाच्या हातात राहीन तर भांडण तरी मिटन."

भैय्याजी म्हणजे वस्तीचा पुढारी. झोपड्या पाडायला ट्रक आला तेव्हा हा माणूस चाकापुढे आडवा झाला होता, हे खोटं नाही. आवाज भारदस्त आणि प्रत्येकाची विचारपूस करायची सवय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच जणांची बैठक त्या दिवसापासून बंद पडली आणि कोणाला तिची आठवणही आली नाही. एकट्या दादाजीनं, झोपड्यांच्या शेवटच्या ओळीत राहणाऱ्या किरकिऱ्या म्हाताऱ्यानं, विचारलं, "अन् उद्या त्यानं किल्ली नाही देल्ली तर?" सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं हसली इंदूबाई.

पहिलं वर्ष खरंच सुखाचं गेलं. सकाळ-संध्याकाळ जाळी उघडायची, रांग लागायची, भांडणं मिटली. मग हळूहळू भैय्याजीच्या सभेला जो येत नाही त्याच्या ओळीची पाळी मागं पडू लागली. ढाब्याची पिंपं पुन्हा भरू लागली, आता भैय्याजीच्या हुकमानं. दादाजीनं विहारात उभं राहून याचा जाब विचारला, तर त्याच्या घराचं पाणी आठवडाभर तोडलं. त्याची म्हातारी बायको रेल्वेच्या क्वार्टरांत जाऊन हात पसरायची. वस्तीतल्या एकाही घरानं तिला आपल्यातली घागर दिली नाही. सगळे मूग गिळून बसले. इंदूबाईचं दारही लोटलेलंच राहिलं. दाराआड ती विड्या वळत होती आणि म्हातारीची पावलं ऐकत होती.

तोवर नत्थूला लकवा मारून गेला होता. उजवं अंग गेलं, बोलणं अडखळू लागलं. दिवसभर खाटेवर पडून तो छपराकडे पाहायचा. एके दिवशी म्हणाला, "इंदे, विहीर आपण खोदली. मंग आपणच भेऊन काहून राहिलो?"

"तुमी उगी पडा," इंदूबाई म्हणाली. "तट्ट्याले कान असते. उद्या आपलं पाणी बंद झालं तर तुमाले आंघोळ कशानं घालू?"

बिचारीचं खोटं नव्हतं. आजारी माणसाच्या घरात पाणी म्हणजे जीव. पण जिच्याशी भांडायच्या आधी जेवून यावं लागायचं अशी ही बाई, आणि तिची जीभ नवऱ्याच्या खाटेशीच अडली, हे लिहिताना मला अजून राग येतो. तिचाही येतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचाही.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, भर दुपारी, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला एका चुलीची ठिणगी तट्ट्याला लागली. वाऱ्याच्या झळा सुटलेल्या. शामला मावशीकडे कन्हानला गेली होती आणि इंदूबाई वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतत होती. धूर दिसताच ती पळत आली. आग तिच्या झोपडीपासून अजून दोन ओळी लांब होती. सगळी वस्ती बादल्या, पाण्याचे गुंड, घमेली घेऊन विहिरीभोवती उभी होती, आणि जाळीला कुलूप.

"किल्ली! किल्ली आणा कोणीतरी!" जो तो हेच ओरडत होता. कुलूप फोडा असं कोणीच म्हणालं नाही. फोडलं तर उद्या काय, या धाकानं भर आगीतही सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. इंदूबाईला वाटलं, किल्ली भैय्याजीच्या हाती आपणच दिली, आपल्याला तो नाही म्हणणार नाही. ती त्याच्या घराकडे धावली, आणि तिच्यामागं शेजारची सिंधूताई आणि आणखी दहा-वीस माणसं. नत्थूला कोणीतरी बाहेर काढलंच असेल, असं जो तो समजून चालला.

भैय्याजीची बायको प्रेमिला दारात उभी. "ते तं सकाळीच इलेक्शनच्या तिकिटासाठी मुंबईले गेले वं बाई. किल्ली त्यायच्याच कमरेले हाय."

इंदूबाई मागं वळली तेव्हा वारा फिरला होता. तिची ओळ पेटली होती.

दादाजीनं कुठूनसा वरवंटा उचलून आणला आणि कुलपावर घातला. दोन घावांत ते तुटलं. मग आगीवर बादल्यांवर बादल्या पडल्या. पुढच्या ओळी वाचल्या, इंदूबाईची ओळ वाचली नाही. राखेत नत्थू खाटेवरून खाली उतरलेला सापडला, चालत्या हातानं दाराकडे सरकलेला.

तिसऱ्या दिवशी भैय्याजी आला. डोळे पुसून बोलला, छान बोलला. मग पिशवीतून नवं कुलूप काढलं, पहिल्यापेक्षा मोठं. आग लागली म्हणून तर पाण्याची राखण आता जास्त करायला हवी, असं त्याचं म्हणणं. आणि सांगायला लाज वाटते, दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

इंदूबाई जाळीवर जाऊन बसली. "माह्यावर लावा कुलूप," एवढंच म्हणाली. दादाजी तिच्याशेजारी जाऊन बसला. थोड्या वेळानं सिंधूताई बसली. भैय्याजी कुलूप घेऊन परत गेला आणि त्या जाळीला नंतर कोणी कुलूप घातलं नाही.

वस्तीनं तिचं फार कौतुक केलं. तिला ते ऐकवत नसे. बऱ्याच वर्षांनी, शामलाच्या लग्नानंतर, दोघी विड्या वळत बसल्या असताना ती सिंधूताईला म्हणाली, "त्याले काय बोल लावू वं? कुलूप त्यानं लावलं. पण गोटे तं विहिरीभोवती ढीगभर पडले होते, आमीच खोदून काढलेले. एक उचलाचा होता. मी किल्ली मागाले काहून पळाली?"

सिंधूताईनं हातातली विडी खाली ठेवली. तीही पळाली होती.