तिन्ही चेहऱ्यांतला डावा डोळा

कालिंदी वर्तक एका सरकारी बँकेत अधिकारी. पुण्याहून कोलकात्याला बदली झाली तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील गेलेले, त्यामुळे बदली टाळायला तिच्याकडे कारणच नव्हतं. बराकपूरला तिने दोन खोल्या घेतल्या. पहिलं वर्ष बँकेसाठी लोकलने बराकपूर ते सियालदह आणि परत, एवढ्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी तिने स्वतःसाठी एक चांगला कॅमेरा घेतला आणि बागबाजारातल्या एका छायाचित्रण मंडळात नाव घातलं. तिथले बहुतेक सभासद निवृत्त बंगाली गृहस्थ. तिला ‘दीदी’ म्हणायचे आणि तिच्या फोटोंतल्या चुका तोंडावर सांगायचे. तिला ते आवडायचं. बँकेत तिला कुणी काही शिकवत नव्हतं.

त्या हिवाळ्यात मंडळाने स्पर्धा ठेवली. एकाच फोटोत एकाच माणसाचे निदान तीन चेहरे हवेत, आणि कॉम्प्युटरवर जोडाजोड चालणार नाही. म्हणजे गडद अंधार करायचा, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं, माणसाला जागा बदलायला लावायची आणि दर वेळी हातातला फ्लॅश एकदा उडवायचा. मधल्या अंधाराचं काहीच उमटत नाही, प्रकाश पडला तेवढे चेहरे एकाच चित्रात येतात.

मॉडेल म्हणून तिच्या डोळ्यांसमोर आली शर्वरी. न्यू टाउनला राहणाऱ्या अजेय आणि स्नेहाची चार वर्षांची मुलगी. अजेय आयटी कंपनीत होता. गणपतीत ओळख झाली आणि कालिंदीचा दर रविवार त्यांच्याकडे जाऊ लागला. शर्वरी बंगाली पाळणाघरात वाढलेली, त्यामुळे मावशीला ‘माशी’ म्हणायची. “अगं, मी काय भिंतीवर बसते का?” असं कालिंदी म्हणाली की स्नेहा हसायची.

रविवारी भर दुपारी स्नेहाच्या घरी त्यांनी बेडरूमच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. दिवा बंद झाल्यावर शर्वरी तिच्या बंगाली वळणाने म्हणाली, “आई, मला भय करतंय.”

“मी आहे ना, हात धर माझा,” स्नेहाचा आवाज आला.

दर फ्लॅशनंतर स्नेहा अंधारात तिचं स्टूल थोडं सरकवायची आणि हात सोडून बाजूला व्हायची. एकदा शर्वरीने समोर बघायचं, एकदा खिडकीकडे, एकदा दाराकडे. बारा-पंधरा फोटो झाले. शेवटी शेवटी शर्वरीला मजा वाटू लागली, तीच “आता!” म्हणून ओरडायला लागली.

संध्याकाळी घरी येऊन कालिंदीने चहा ठेवला आणि फोटो लॅपटॉपवर उघडले. पहिल्याच फोटोत शर्वरीचे डोळे लालभडक. तिने कपाळाला हात लावला. मंडळात बजावून सांगितलं होतं, अंधारात बाहुल्या मोठ्या होतात, फ्लॅश लेन्सपासून लांब धरा, नाहीतर डोळे लाल येतील. आणि तिने तो लेन्सला चिकटवूनच धरला होता. सगळी दुपार फुकट गेली, असं म्हणत तिने फोटो मोठा केला.

लाल होता तो उजवा डोळा. डावा पांढरा होता. मांजराच्या डोळ्यासारखा, पिवळसर पांढरा.

मधल्या चेहऱ्यात तसा. खिडकीकडे वळलेल्या चेहऱ्यात तसाच. दाराकडे वळलेल्यातही. तिने दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. गॅसवर चहा उतू गेला तो तिला वासावरून कळला. तिने गॅस बंद केला.

आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून तिने खोलीत अंधार केला, कॅमेरा तसाच लावला आणि स्वतःचे फोटो घेतले. दोन्ही डोळे लाल. मान कुठेही वळवली तरी लाल. मग मोबाइलवर शोधलं. पहिल्या चार ओळी वाचून तिने मोबाइल पालथा ठेवला.

फोन लावला तेव्हा स्नेहाने उचलला.

“स्नेहा, शर्वरीला डाव्या डोळ्याने नीट दिसतं का गं?”

“म्हणजे? कधीकधी जरा तिरकं बघते. सासूबाई म्हणतात, लाडात आली की करते. का हो ताई?”

कालिंदीने फोटोबद्दल सांगितलं. मग अजेयचा आवाज आला.

“कालिंदीताई, फ्लॅशची चमक असेल ती. तुम्ही आत्ता तर शिकताय.”

“असेल. माझं चुकलं असेल तर मी पाया पडेन तुझ्या. पण उद्या डॉक्टरांकडे जा. उद्याच.”

“तुम्ही स्नेहाला उगाच घाबरवताय,” म्हणून त्याने फोन ठेवला.

तरी सोमवारी ते गेले. स्नेहाने कळवलं तशी कालिंदीने रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन थेट दवाखान्यात पोचली. डॉक्टर एक वयस्क बंगाली बाई होत्या. शर्वरीच्या डोळ्यात औषध घालून त्यांनी पुष्कळ वेळ तपासलं, मग लॅपटॉपवरचे फोटो पाहिले, आणि मुलीला नर्सबरोबर बाहेर पाठवलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती. कॅन्सरची. त्या म्हणाल्या, एखाद्या फोटोत असं दिसलं असतं तर मीही चमक म्हणून सोडून दिलं असतं. तीन दिशांना तीन वेळा तेच दिसतं, तेव्हा सोडता येत नाही.

अजेय उभाच राहिला. स्नेहाने विचारलं, “पण तिला काही दुखत नाही हो. काल तर हसत होती.” तिने तेच तीनदा विचारलं.

अकरा दिवसांनी ऑपरेशन झालं. डावा डोळा काढावा लागला. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती आणि उजवा डोळा स्वच्छ होता. आणखी काही महिने गेले असते तर डॉक्टर हे सांगू शकल्या नसत्या. कालिंदी रोज बँकेतून सुटल्यावर हॉस्पिटलात जायची, स्नेहाला घरी अंघोळीला पाठवायची, शर्वरीजवळ बसायची. अजेय समोर आला की मान वळवून निघून जायचा. शर्वरी घरी आल्यावरही तसंच. तिसऱ्या रविवारी कालिंदीनेच जाणं थांबवलं. स्नेहा फोन करायची, पण ‘या’ म्हणायची नाही.

स्पर्धेला तिने काहीच पाठवलं नाही. मंडळात कारण विचारलं तेव्हा तिने सांगून टाकलं.

दोन महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, अजेय तिच्या शाखेत आला. समोरची खुर्ची ओढून बसला. दाढी वाढलेली.

“उजव्या डोळ्याची तपासणी झाली आज,” तो म्हणाला. “स्वच्छ आहे. पुढची सहा आठवड्यांनी.”

“बरं झालं.”

“मी तुमच्यावर रागावलो होतो, ताई. फोटो काढला नसता तर असं झालं नसतं, असं वाटायचं. मला माहीत होतं हे खोटं आहे. तरी रोज सकाळी उठलो की तेच वाटायचं.”

त्या रविवारच्या फोनवर आपण काय शब्द वापरले, ते कालिंदीने इतक्या वेळा आठवलं होतं की आता ते खरंच बोललो होतो का, हेही तिला सांगता आलं नसतं.

“जेवलास का?” तिने विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने डबा त्याच्याकडे सरकवला, चमचा पुसून दिला. दोन घास त्याने खाल्ले, आणि मग सगळ्या शाखेसमोर, चमचा हातात तसाच धरून, तो हुंदके देऊन रडायला लागला. कालिंदी उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. काउंटरवरचे लोक बघत होते. तिने बघू दिलं.